चिंचेचा पाला

हजिऱ्याला तानसेनाच्या कबरीशेजारी चिंच आहे.
पाला चघळला की गळा उघडतो, म्हणतात.
गवई येतात, त्यांचे शागीर्द, निवडणुकीच्या आधी एखादा वकील.
हैबतराव मोहिते दर गुरुवारी सायकलवरून यायचे,
खाकी पिशवी भरून न्यायचे,
घोड्यांसाठी.

मुरारच्या छावणीतले पेन्शनर साळोत्री.
पडावच्या टांगा-स्टँडवर खूर, दात, पोटं बघायचे.
आमच्या अबलख घोडीच्या जबड्यात मूठभर पाला कोंबून
कान लावून उभे राहायचे.
"ख्याल सिखाओगे क्या, साहब?" टांगेवाले हसत.
ती खिंकाळली की मान हलवत,
हिशेब जुळल्यासारखी,
आणि सायकलला टांग मारत.

माघात एका रात्री घोडीला पोटशूळ उठला.
बसू द्यायचं नाही, चालवत ठेवायचं, म्हणाले.
वडील दमले तेव्हा लगाम माझ्या हातात आला.
मी नऊ वर्षांचा. धुकं इतकं, की किल्ला गेलाच होता कुठेतरी.
चकरा मारता मारता ते बोलू लागले,
माझ्याशी नव्हे, घोडीच्या मानेशी:

"ब्रह्मदेशात पाठवायच्या आधी
साडेतीनशे खेचरं उभी केली माझ्यापुढे.
हुकूम: आवाज काढून घ्या.
जपानी रानात कान लावून बसलेत.
क्लोरोफॉर्मचा बोळा. गळ्याखाली दोन बोटं चीर.
आत दोन पडदे, ओले, नखाएवढे.
दिवसाला अठरा. हात बसला होता माझा.
एकीला मी नाव ठेवलं होतं, गजक, रंगावरून.
नाव ठेवायला नको होतं."

घोडी थांबली. त्यांनी तिला ढकललं.

"पुढे बांबूचं बन, चढ, जळवा.
वरच्या धारेवर त्यांची मशीनगन.
गोरा कॅप्टन पहिल्या फैरीतच गेला.
माणसं ओरडली, पाच भाषांत, देवांना, आयांना,
एक भिंडचा गडी तर कर्ज देणाऱ्याला.
खेचरं ओरडली नाहीत.
साखळ्या तेवढ्या वाजत होत्या.
मी तळव्यांनी शोधत गेलो, पाठ, बरगडी, मान,
कुठे ऊन लागतंय, कुठे चिकट.
ओरडली असती तर सापडली असती.
गजकचं तोंड हाताला लागलं, आ वासलेलं.
आतून नुसता वारा येत होता माझ्या मनगटावर.

"आणि वीस पावलांवर त्यांचा एक जखमी.
कोवळा असावा. रात्रभर एकच शब्द.
आईच म्हणत असणार, सगळे सांगतात.
असेल. पाणीही असेल.
मी गेलो नाही.
पहाटे तो शब्द अर्ध्यावर राहिला."

उजाडता घोडीने लीद टाकली.
वडिलांनी नारळ आणला. हैबतरावांनी सव्वा रुपया घेतला.

पुढे उन्हाळ्यात ते मला घेऊन दौलतगंजात गेले,
दिगंबर टिपणिसांकडे, पेटी दुरुस्तीच्या दुकानात.
गाण्यातलं त्यांना काही कळत नसे.
म्हणाले, एक सूर शोधायचाय.
टिपणीस चष्म्यावरून बघत राहिले,
मग एकेक पट्टी दाबू लागले, पांढरी, काळी, पांढरी.
हा? नाही. हा? थोडा वर.
"हाच."
"काळी चार," टिपणीस म्हणाले, "कुणाचा?"
"होता एक पोरगा."

टिपणिसांनी सूर धरून ठेवला, सौजन्य म्हणून.
दुकानाबाहेर हातगाडीवाला ओरडत गेला, खरबूज, खरबूज.
हैबतरावांनी डोळे मिटले नव्हते.
ते पेटीच्या मागच्या बाजूकडे बघत होते.

"आता पट्टी सोडा," म्हणाले,
"भाता चालू ठेवा."